माळरानावरच्या पक्ष्यांसाठी काम करायचंय: होतकरू फील्ड बायोलॉजिस्टचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षीसंवर्धनात फील्ड बायोलॉजिस्ट म्हणून काम करू पाहणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः सोलापूर, अहिल्यानगर, वाशिम, अकोला या भागांतल्या माळरानांची आहेत. महाराष्ट्रात जंगलाकडे बऱ्याच जणांचं लक्ष असतं. माळाला मात्र सरकारी कागदावरही अनेकदा 'पडीक' म्हणतात, आणि सर्वांत जास्त धोक्यात असलेले आपले काही पक्षी तिथेच राहतात.

पक्षिनिरीक्षक आणि फील्ड बायोलॉजिस्ट यांत फरक काय?

पक्षिनिरीक्षक पक्षी बघायला जातो, फील्ड बायोलॉजिस्ट एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर शोधायला जातो. उदाहरणार्थ, एखाद्या कुरणात चराई पूर्ण बंद केली तर पक्षी वाढतात का? याचं सरळ उत्तर देता येत नाही. धाविक या जमिनीवर धावणाऱ्या पक्ष्याला आखूड, उघडं, गुरांनी खाल्लेलं गवत लागतं. गवत गुडघाभर झालं की तो तिथून हलतो. तणमोराला पावसाळ्यात लपायला उंच गवत हवं असतं. 'चराईबंदी चांगली की वाईट' असं एका वाक्यात सांगता येत नाही. कोणत्या पक्ष्यासाठी, कोणत्या महिन्यात, किती उंचीचं गवत, हे मोजून सांगावं लागतं. ते मोजणं हेच तुमचं काम.

त्यामुळे पक्षी न दिसलेली सकाळसुद्धा नोंद असते, आणि ती दिसलेल्या सकाळीइतकीच मोलाची असते. शून्य लिहायला ज्याचा हात अडखळतो, त्याने या कामात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वर्षभर माळावरच राहायचं, हा दुसरा गैरसमज. वर्षाचा मोठा भाग परवानगीचे अर्ज, आकडेवारी तपासणं, अहवाल लिहिणं आणि खर्चाचा हिशेब देणं यात जातो.

पदवी कोणती घ्यावी? प्राणिशास्त्रच हवं का?

नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, वनशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी काहीही चालतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून वनशास्त्र शिकलेल्यांनाही इथे भरपूर काम आहे. माळावर काम करायचं असेल तर गवतं ओळखणारा माणूस फार दुर्मिळ आहे. पवन्या, मारवेल आणि कुसळी वेगळे करता येणारा विद्यार्थी कोणत्याही प्रकल्पाला हवा असतो.

पदव्युत्तर शिक्षणासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस, म्हणजे एनसीबीएसमधला वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाचा अभ्यासक्रम हे दोन सर्वांत कठीण प्रवेशाचे मार्ग आहेत. जागा थोड्या असतात आणि एनसीबीएसची नवी तुकडी दरवर्षी घेतली जात नाही. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच पुढच्या प्रवेशाचं वर्ष तपासून ठेवा. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे. कोइम्बतूरजवळ आनैकट्टीला सलीम अली पक्षिविज्ञान केंद्र आहे, ते आता वन्यजीव संस्थेचाच भाग आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ पासूनची बीएनएचएस, पक्षिविज्ञानाचे छोटे अभ्यासक्रम चालवते. नोकरी करता करता पाया पक्का करायला ते उपयोगी पडतात.

कुठेही शिका, पण संख्याशास्त्र टाळू नका. मुलाखतीत मुलं पक्ष्यांच्या ओळखीत क्वचितच अडतात. 'हा सरासरीतला फरक खरा आहे की योगायोगाने आलाय, कसं ठरवाल?' या प्रश्नावर मात्र हमखास अडतात. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ते पदवीच्या काळातच शिकून घ्या.

शिक्षण मराठीतून झालंय. इंग्रजी कच्चं आहे, अडेल का?

शोधनिबंध आणि अनुदानाचे अर्ज इंग्रजीत लिहावे लागतात, त्यामुळे वाचन-लेखन सुधारावंच लागेल. रोज एका शोधनिबंधाचा 'पद्धती' हा भाग वाचून तो मराठीत चार ओळींत लिहून काढणं, हा उत्तम सराव आहे. पण माळावर मराठीच चालते. धनगर आजोबांकडून 'हा पक्षी पूर्वी कुठे अंडी घालायचा' हे नीट काढून घेणं इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेकांना जमत नाही. तुम्हाला जमत असेल, तर अर्जात ते ठळकपणे लिहा.

शिकत असताना अनुभव कसा मिळवायचा?

घरापासून तासाभराच्या आत एक जागा निवडा: तलाव, माळ, नदीकाठ, काहीही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने जा आणि ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी भरा. 'पूर्ण' म्हणजे जे ओळखू आले ते सगळे पक्षी, कावळे आणि साळुंक्यांसकट, संख्येसह. फक्त दुर्मिळ पक्ष्यांची यादी विश्लेषणाला निरुपयोगी असते, कारण तिच्यातून काय दिसलं नाही ते कळत नाही. अशा याद्यांमधून केवढं काम उभं राहतं याचं उदाहरण म्हणजे भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल. सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आणि १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम दिला.

जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना आणि ५ ते १२ नोव्हेंबरचा राज्याचा पक्षी सप्ताह यांत वन विभागाची माणसं भेटतात. महाराष्ट्र पक्षिमित्रच्या संमेलनांत जिल्ह्याजिल्ह्यातले जाणकार भेटतात. पुढे तुमची शिफारस हीच माणसं करणार आहेत.

आवाजांवर वेगळी मेहनत घ्या. माळावर चंडोल आणि वटवटे आधी ऐकू येतात, मग दिसतात. दिसतीलच असंही नाही. आठवड्याला पाच आवाज शिका आणि दर वेळी पक्षी डोळ्यांनी पाहून खात्री करा. आवाज ओळखणारं ॲप मदतीला ठेवा, पण त्याने सुचवलेलं नाव तपासल्याशिवाय नोंदवू नका.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. आठ म्हणजे किती पटींनी मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतं. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो, म्हणून झुंजुमुंजू होताना चांगलं दिसतं. १०×४२ मध्ये तो झोत ४.२ मिलिमीटरचा होतो आणि हात थरथरला की चित्र जास्त हलतं. चष्मा असेल तर डोळा भिंगापासून किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं का, ते दुकानातच पाहा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात दुर्बीण ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की तापवून वाळवा. कॅमेरा आधी घेऊ नका. आधी दुर्बीण, मग नोंदवही, मग काही वर्षांनी कॅमेरा.

परवानगी कुठे लागते? गावच्या माळावर पक्षी मोजायलाही लागते का?

खासगी किंवा गावच्या जमिनीवर दुरून निरीक्षण करायला वन विभागाची परवानगी लागत नाही. मालकाला किंवा ग्रामपंचायतीला सांगणं हा शिष्टाचार आहे, तो पाळावा. अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीवांचा अभ्यास करायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ नुसार परवानगी लागते. राखीव वनातही आधी वन विभागाशी बोलून घ्या.

पक्षी पकडणं, ओळखीसाठी त्याच्या पायात कडी घालणं, रक्ताचा नमुना घेणं, घरटं किंवा अंडी हाताळणं यासाठी परवानगी कुठेही लागते, तुमच्या स्वतःच्या शेतातसुद्धा. संशोधनासाठी ती कलम १२ खाली मिळते आणि पक्षी अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती हवी. हा कायदा २०२२ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या अनुसूची लागू आहेत. अनुसूची १ मधली पक्ष्यांची यादी आता पूर्वीपेक्षा बरीच लांब आहे, तेव्हा जुनी पुस्तकं पाहून अर्ज करू नका.

महाराष्ट्रात अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे जातो. तो संस्थेच्या पत्रासह पाठवायचा आणि प्रत संबंधित उपवनसंरक्षकांना द्यायची. अर्जात काय हवं: अभ्यासाचा प्रश्न एका परिच्छेदात, पद्धत, नकाशा, नेमक्या तारखा, टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र, गाडीचा क्रमांक, मुक्काम कुठे. अर्ज परत येतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, 'संपूर्ण जिल्हा' असं मोघम क्षेत्र लिहिलेलं असतं. दोन, पद्धतीत पक्षी हाताळणार की नाही हे स्पष्ट नसतं. हाताळणार नसाल तर 'कोणताही पक्षी, अंडं वा घरटं हाताळलं जाणार नाही' हे वाक्य लिहाच. परवानगीला महिने लागतात. तणमोरावर जुलैत काम सुरू करायचं असेल तर अर्ज आदल्या हिवाळ्यात गेला पाहिजे.

परवानगी हातात आली की वनक्षेत्रपाल, वनपाल आणि बीटचा वनरक्षक या तिघांना प्रत्यक्ष भेटा. वरून आदेश आलाय असा सूर लावला तर तो वनरक्षक तुम्हाला माळ दाखवणार नाही, आणि त्याच्याइतका तो माळ कुणालाही माहीत नसतो. मेलेला पक्षी किंवा पिसं खिशात घालून आणू नका, तोही गुन्हा ठरू शकतो.

माळावर पहिलं सर्वेक्षण कसं आखायचं?

माळ उघडा असल्याने रेषेवरून चालत मोजणं, म्हणजे लाइन ट्रान्सेक्ट, सोयीचं पडतं. नकाशावर एक ते दोन किलोमीटर लांबीच्या रेषा आखा. पहिली रेषा चिठ्ठी टाकून ठरवा आणि बाकीच्या तिच्यापासून समान अंतरावर घ्या. चालायला सोपं म्हणून रस्ता किंवा बांध धरून रेषा आखणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. रस्त्याकडेला झाडं, तारा, पाणी असतं आणि पक्षी वेगळे असतात. रस्त्याकडेचे कोतवाल मोजून माळाचा हिशेब मांडता येत नाही.

सूर्योदयानंतर तीन तासांत काम संपवा. तासाला दीड किलोमीटरच्या आसपास चाला. वारा इतका असेल की गवत आडवं होतंय, तर त्या दिवशी मोजणी करू नका. पक्षी दिसला की तीन गोष्टी लिहा: थव्यात किती, तुमच्यापासून अंतर किती, आणि रेषेशी कोन किती. अंतरासाठी रेंजफाइंडर, कोनासाठी होकायंत्र. रेषेपासूनचं लंब अंतर म्हणजे सरळ अंतर गुणिले कोनाची ज्या (साइन). पक्षी ८० मीटरवर ३० अंशांत असेल तर लंब अंतर ४० मीटर.

यात चुका कुठे होतात?

अंदाजाने अंतर लिहिणारे लोक ५०, १००, १५० असे गोल आकडे लिहितात आणि आलेखावर तिथेच ढीग दिसतो. कोन ५-६ अंश असेल तर 'जवळजवळ समोरच' म्हणून शून्य लिहितात. मग रेषेवर खोटी गर्दी दिसते आणि घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रातली पक्ष्यांची संख्या, फुगते. उलट, तुम्ही दिसल्यावर धाविक पळत सुटतो. तो थांबल्यावरचं अंतर लिहिलं तर घनता कमी येते. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो जिथे होता, तिथलंच अंतर घ्या. शिवाय हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: रेषेवरचा पक्षी हमखास दिसला पाहिजे. गवतात दबून बसणाऱ्या लाव्यांच्या बाबतीत ते खरं ठरत नाही, त्यांना ही पद्धत लावू नका.

एका जातीची घनता काढायला किमान ६० ते ८० नोंदी हव्यात आणि रेषा दहा-वीस तरी हव्यात. एकाच रेषेवर वीस फेऱ्या मारणं म्हणजे वीस रेषा नव्हेत. दुर्मिळ जातीच्या इतक्या नोंदी मिळतच नाहीत. मग घनतेचा हट्ट सोडा आणि 'किती जागी आहे, किती जागी नाही' हा प्रश्न घ्या. एकेका जागेला तीन-चार भेटी द्या. पक्षी असूनही एखाद्या भेटीत न दिसण्याची शक्यता त्यातून मोजता येते.

काही पक्ष्यांची मोजणी त्यांच्या वागण्यानुसार करावी लागते. तणमोराचा नर पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ गवतातून उंच उड्या मारतो, तेव्हाच तो मोजता येतो. मादी जवळजवळ दिसतच नाही. हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात एकत्र रातथाऱ्याला उतरतात. सूर्यास्ताआधी तासभर लांब बसून ते मोजावे. तिथे टॉर्च मारत जाऊ नये.

घरट्यांवर काम करायचंय. काय काळजी घ्यावी?

टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. एप्रिल-मे महिन्यांत पक्षी उठला की उघडी अंडी काही मिनिटांत तापून आतलं पिल्लू मरू शकतं. म्हणून दुपारी घरट्याकडे जायचंच नाही, सकाळीही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही आणि शक्यतो दुरून टेलिस्कोपने पाहायचं. घरट्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने मागे फिरू नका. जवळून जात सरळ पुढे निघून जा, नाहीतर तुमचा माग कुत्र्या-कोल्ह्यांना थेट घरट्याशी नेतो. कावळे पाहत असतील तर त्या दिवशी भेट रद्द. घरट्यापाशी काठी किंवा रंगीत फीत लावू नका. जीपीएस नोंद आणि दहा मीटरवरचा एखादा दगड पुरतो. भेट तीन-चार दिवसांनी एकदा.

आता हिशेब, कारण इथे जवळजवळ प्रत्येक नवखा चुकतो. '३० घरटी सापडली, २० यशस्वी झाली, म्हणजे यश ६७ टक्के' हे चूक आहे. जी घरटी पहिल्या दोन दिवसांतच उद्ध्वस्त झाली, ती तुम्हाला सापडलीच नाहीत. सापडली ती टिकलेली. म्हणून घरटं तुमच्या नजरेखाली किती दिवस होतं ते मोजायचं. समजा, सगळ्या घरट्यांचे मिळून २०० दिवस भरले आणि त्यात १० घरटी गेली. रोज जाण्याचं प्रमाण १० भागिले २००, म्हणजे ०.०५, आणि रोज टिकण्याचं ०.९५. अंडी घालण्यापासून शेवटपर्यंत ३० दिवस लागत असतील तर ०.९५ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे २१ टक्के. ६७ आणि २१! या एका फरकावर 'पक्षी ठीक आहे' आणि 'पक्षी संपतोय' असे दोन उलटे निष्कर्ष निघतात. ही पद्धत मेफिल्डच्या नावाने ओळखली जाते. आज तिच्या सुधारित आवृत्त्या वापरतात, पण आधी हातानेच गणित करून पाहा.

पक्ष्यांना कडी घालायला, ट्रान्समीटर लावायला केव्हा शिकता येतं?

प्रशिक्षित माणसाच्या हाताखालीच. सलीम अलींनी १९५९ मध्ये बीएनएचएसचा स्थलांतर-अभ्यास सुरू केला तेव्हापासून देशात मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याची परंपरा आहे आणि शिकायचं तर अशाच शिबिरांत. जाळं दर २० ते ३० मिनिटांनी तपासायचं, उन्हात त्याहून लवकर. पाऊस किंवा जोराचा वारा आला की बंद. पक्षी काढताना तो ज्या बाजूने शिरला तिकडूनच काढायचा आणि आधी पाय सोडवायचे. सुती पिशवीत एका वेळी एकच पक्षी. चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, डोळे मिटतोय असं दिसलं तर मोजमाप सोडून द्या आणि त्याला सावलीत मोकळं करा.

लांब पायांचे माळपक्षी विशेष नाजूक. जास्त धडपड केली की त्यांच्या स्नायूंना कायमची इजा होते आणि सोडल्यावर ते उभेच राहू शकत नाहीत.

ट्रान्समीटरचं वजन, पट्ट्यासकट, पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असावं. ६० ग्रॅमच्या पक्ष्याला १.८ ग्रॅम. त्याहून आधीचा प्रश्न असा: जे कळायला हवं ते पक्षी न पकडता कळू शकतं का? कळत असेल तर पकडू नये.

नोंदी कशा ठेवाव्यात?

पेन्सिलने, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. शाई घामाने पसरते. तारीख '०३/०४' अशी लिहिलीत तर पुढच्या वर्षी ती ३ एप्रिल की ४ मार्च, तुम्हालाच कळणार नाही. महिना अक्षरांत लिहा. रिकामी चौकट आणि शून्य वेगळे आहेत: मोजलं आणि नव्हता तर शून्य, मोजलंच नाही तर रेघ. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या निर्देशांक-प्रणालीवर, अक्षांश-रेखांश दशांश अंशांत. दशांशानंतर चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटर, पाच म्हणजे साधारण एक मीटर. दोनच आकडे लिहिले तर घरटं किलोमीटरभर सरकतं.

रोज रात्री पानांचे फोटो काढा. मूळ फाइल कधीही बदलू नका, दुरुस्ती प्रतीत करा. एका ओळीत एकच नोंद. तीन ठिकाणी प्रत, त्यातली एक मुक्कामाबाहेर.

गावकऱ्यांशी कसं वागायचं? ते विचारतात, 'यातून आमची जमीन जाणार का?'

हा प्रश्न माळावर सर्वांत खरा आहे. सोलापूर-अहिल्यानगर भागातलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात तालुकेच्या तालुके, गावं, शेतं आली आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल राग साचला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर वेळ गेली होती. त्या भागात आजही वही घेऊन फिरणारा अनोळखी माणूस दिसला की लोक सावध होतात. ते बरोबरच आहेत.

म्हणून आश्वासन काहीही द्यायचं नाही. 'सरकारकडून काही मिळेल' असंही नाही आणि 'काही होणार नाही' असंही नाही. आपण काय मोजतो, ते कोणाला देतो, हे मराठीत एका पानावर लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि काम संपल्यावर निष्कर्षही तसेच द्या. वाटाड्याला रोजंदारी वेळेवर द्या आणि अहवालात त्याचं नाव त्याच्या संमतीने लिहा. वाशिम-अकोल्याकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोराचे माळ राखलेत. पक्ष्यांच्या सवयींचं त्यांचं ज्ञान पिढ्यांचं आहे. त्यांना 'माहिती देणारे' न समजता सहकारी समजा, कामाच्या मोबदल्यातही आणि श्रेयातही.

फील्डवर धोके कोणते? मुलींना हे काम जमतं का?

जमतं, आणि अनेकजणी उत्तम करत आहेत. प्रश्न मुलींच्या क्षमतेचा नसून संस्थेच्या व्यवस्थेचा आहे. रुजू होण्याआधी विचारा: मुक्कामाला दार बंद होणारी खोली आणि स्वच्छतागृह आहे का, फील्डला दोघंजण असतात का, रात्री गाडी आहे का, आणि लैंगिक छळाविरुद्धची तक्रार समिती आहे का. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत २०१३ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. या प्रश्नांवर चिडणाऱ्या संस्थेत जाऊ नका.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. माळावर दगड उलटताना घोट्यावर येणारे बूट आणि हातात काठी हवी. चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही. अवयव स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, आणि प्रतिविष कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. उन्हाळ्यात माणशी चार-पाच लिटर पाणी आणि मीठ-साखर. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे किंवा गोव्यात सत्तरीत काम असेल तर माकडतापाची गोचीड लक्षात घ्या. पॅन्ट मोज्यांत खोचा, परतल्यावर अंग तपासा, ताप आला तर डॉक्टरांना जंगलात होतो हे आवर्जून सांगा. जायचा मार्ग आणि परतायची वेळ मुक्कामी लिहून ठेवायची, रोज.

पैसे किती मिळतात?

सरकारी निधीच्या प्रकल्पांत नेट किंवा गेट उत्तीर्णाला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. घरभाडे वेगळं. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीला यापेक्षा बरंच कमी मिळतं आणि करार बहुधा हंगामापुरता असतो. दोन करारांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी पैसे बाजूला ठेवावेच लागतात. प्रवासखर्च, विमा आणि मुक्काम कोण देणार, हे लेखी घ्या. 'अनुभव मिळेल' म्हणून वर्षभर फुकट राबवणाऱ्या कामाला नकार द्यावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं. त्याने हे क्षेत्र फक्त घरचं बरं असलेल्या मुलांचं होऊन बसतं. स्वतःचा छोटा प्रकल्प असेल तर रफर्ड फाउंडेशनसारखी अनुदानं नवख्यांनाही मिळतात.

स्थिर नोकरी हवी असेल तर एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक किंवा वनक्षेत्रपाल, यूपीएससीतून भारतीय वनसेवा हे मार्ग आहेत. तिथे गेलेला पक्षी जाणणारा अधिकारी एका सहीने माळावरची चुकीची वृक्षलागवड थांबवू शकतो.

दुर्मिळ पक्ष्याचा फोटो आणि जागा समाजमाध्यमावर टाकावी का?

जागा नाही, आणि घरट्याचा फोटोही नाही. १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला न दिसलेला रान पिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आज अशा जागेचा पत्ता बाहेर पडायला एक मोबाइल पुरतो आणि दुसऱ्या दिवशी गाड्या येतात. स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढला जातो आणि त्याचं शिकार करणं, पिल्लांना भरवणं थांबतं. अभ्यासासाठी आवाज वाजवायचाच असेल तर परवानगीत तसं लिहून, ठरावीक सेकंद, आणि घरटी असण्याच्या काळात नाही.

मोजून खरंच पक्षी वाचतात का?

मोजण्याने एकट्याने नाही, पण मोजल्याशिवाय नेमकं काय थांबवायचं ते कळत नाही. गिधाडं कोसळली तेव्हा रोग, अन्नटंचाई अशा अनेक शंका होत्या. मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात अवयवांवर यूरिक आम्लाचा थर दिसला आणि २००४ मध्ये गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं, हे कारण सिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जातात हे पाहणीत दिसलं, आणि २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच औषधांवरही पशुवैद्यकीय वापरासाठी बंदी आली. प्रत्येक पायरीला कुणीतरी औषधांच्या दुकानात, गोठ्यात, मेलेल्या गुरांपाशी जाऊन नोंदी केल्या होत्या.

माळढोकाचं चित्र जास्त अवघड आहे. देशात सुमारे दीडशे पक्षी उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे, आणि मादी सहसा एकच अंडं घालते. जड शरीर आणि समोरचं कमी दिसणारी नजर, त्यामुळे वीजवाहिन्यांवर आदळून ते मरतात. तारांखाली चालत मेलेले पक्षी मोजले गेले, कुत्र्यांनी नेलेल्या आणि नजरेतून सुटलेल्या पक्ष्यांचा हिशेब धरला गेला, तेव्हा या धोक्याचं खरं माप कळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. दोन्ही वेळी युक्तिवाद आकड्यांवरच झाला. तारांखालच्या त्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात आणि वास सहन होत नाही. पण त्या करायला माणसं हवी आहेत.

पीएच.डी. लागतेच का?

संस्थेत स्वतंत्र संशोधक व्हायचं असेल तर हो. प्रकल्प चालवणं, गावांसोबत काम, प्रशिक्षण, नकाशे यांसाठी नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन हंगाम फील्डवर काढा, मग ठरवा. प्रश्न सापडल्याशिवाय पीएच.डी. घेतली की पाच वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नावर जातात.

पहिल्या नोकरीच्या अर्जासोबत काय पाठवावं?

एका पानाचं पत्र, दोन पानांचा बायोडाटा आणि तुमच्या स्वतःच्या जागेचा दोन पानांचा अहवाल. शेवटची गोष्ट फार थोडे पाठवतात. त्यात नकाशा, किती फेऱ्या, किती वाजता, कोणत्या महिन्यात, मोजण्याची पद्धत, एक तक्ता शून्यांसकट, आणि 'या नोंदींवरून काय सांगता येत नाही' असा एक परिच्छेद. पाहिलेल्या जातींची एकूण संख्या लिहायची गरज नाही. दुचाकीचा परवाना, बोलता येणाऱ्या बोली, ओळखता येणारी गवतं आणि 'आर'मध्ये स्वतः लिहिलेलं काही असेल तर ते मात्र लिहा. मुलाखतीत त्या अहवालावर खोलात प्रश्न येतील, तेव्हा मूळ वही सोबत न्या.